समेवर या, वकीलसाहेब

समोरच्या वकिलांच्या उजव्या हाताची तर्जनी टेबलावर आपटायला लागली, की आम्ही बचावाचे वकील समजायचो, आता आपलं काही खरं नाही. आधी ती हळू पडायची. मग बोटं बदलायची, मध्येच एकदा हात रिकामाच हवेत जाऊन यायचा, आणि तुमचा युक्तिवाद फिरून फिरून त्याच मुद्द्याशी आला की सबंध पंजा टेबलावर पडायचा. धप्प. "समेवर या, वकीलसाहेब!"

गाणारा कितीही लांब भटकला तरी ठरल्या क्षणी त्याला जिथं परत यावंच लागतं, ती सम. हे मला त्यांनीच समजावून सांगितलं आणि वर म्हणाले, "भटकायला ना नाही. तुम्ही लोक परतच येत नाही, ही माझी तक्रार आहे."

मला संगीतातलं काही कळत नाही. राष्ट्रगीत सुरू झालं की उभं राहायचं, एवढीच माझी तयारी. पण बोरिवलीच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात त्यांच्यासमोर वर्षानुवर्षं उभं राहून हरल्यामुळे ताल म्हणजे काय याची मला थोडीफार दहशत बसली आहे.

ते तिथले सरकारी वकील. पाकीटमार, हातभट्टीवाले, नळावरच्या भांडणात एकमेकींच्या झिंज्या उपटलेल्या बायका, असा त्यांचा रोजचा संसार. सगळे त्यांना नुसतं 'सरकारी' म्हणत. मीही तेच म्हणतो. पूर्ण नाव, गाव, पदव्या सांगत बसलो तर तेच वरून विचारतील, "याची गरज काय?" काळा कोट इतका जुना की उन्हात विटकरी दिसायचा. आरोपीचा अर्ज कसलाही असो, जामिनाचा, तारखेचा, घरचा डबा मिळावा म्हणून केलेला, सरकारी उठून विरोध करायचे. एकदा मी विचारलं, "डब्याला कसला विरोध?" तर म्हणाले, "विरोध करणं माझं काम. मंजूर करणं साहेबांचं. दोघांनी एकच काम केलं तर एकाचा पगार फुकट."

वडील वेंगुर्ल्याकडच्या दशावतारी नाटकांत पायपेटी वाजवायचे. पायानं भाता मारायचा, दोन्ही हातांनी वाजवायचं, अशी ती उभी पेटी. "माझे वडील राक्षसांना सूर द्यायचे," सरकारी सांगत. "मी साक्षीदारांना देतो. राक्षस बरे. ते निदान सुरात यायचे." वडिलांच्या मागे ती पेटी बोरिवली पूर्वेच्या दोन खोल्यांत आली आणि तिनं गॅलरी बळकावली. वहिनींनी फ्रीज मागितला की सरकारी शांतपणे विचारत, "ठेवायचा कुठे?" सोसायटीत सगळ्यांकडे फ्रीज आले, काहींकडे रंगीत टीव्हीही आले, यांच्याकडे पेटीच राहिली. "लोकांना सवत असते ती हाडामांसाची," वहिनी मला चहा देताना म्हणाल्या. "आमची लाकडी आहे. हिला रोज पुसावंही मलाच लागतं."

गळा मात्र यथातथाच होता आणि ते त्यांना माहीत होतं. ही समज आपल्याकडे दुर्मीळ आहे हे तुम्हीही एखाद्या गणेशोत्सवात अनुभवलं असेल. "आपल्याला ऐकता येतं," ते म्हणत. "सगळेच गायला लागले तर ऐकणार कोण?" म्हणून ते ऐकायचे, आणि जे मिळेल ते ऐकायचे. कोर्टातल्या छताचा पंखा काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीच्या सुरात लागतो, असं त्यांचं ठाम मत होतं. दिवे गेले आणि पंखा थांबला की त्यांना उलटतपासणी सुचत नसे. "आधार गेला," म्हणत ते खाली बसायचे. माझे दोन आरोपी वीज मंडळाच्या कृपेनं सुटले आहेत.

कोर्टाचा शिपाई होता गावडे. व्हरांड्यात उभं राहून तो आरोपींची नावं पुकारायचा, आणि ती कुणालाही ऐकू जात नसत. माणूस बाहेर चहा पीत उभा आणि आत त्याच्या नावानं वॉरंट निघालेलं. सरकारींनी गावडेला जेवणाच्या सुट्टीत मागच्या जिन्यात नेऊन शिकवायला सुरुवात केली. "गळ्यातून नको रे. बेंबीतून काढ. आणि शेवटचं अक्षर टाकू नकोस, धरून ठेव." पुढे गावडेचा पुकारा रस्त्यापलीकडच्या उडप्यापर्यंत जाऊ लागला. मसाला डोसा अर्धा टाकून लोक धावत येऊ लागले. "आरोपीला नाव ऐकू आलं नाही, साहेब," ही आम्हा वकिलांची जुनी, भरवशाची सबब कायमची गेली.

पण हे सगळं वरवरचं. ते मला खऱ्या अर्थानं दिसले ते मढच्या बँडच्या खटल्यात.

मढच्या कोळीवाड्यात हळद होती. हळदीला बँड हवाच. त्या कामाची सुपारी गावातल्या बँडला मिळाली, शेजारच्या गावच्या बँडला मिळाली नाही. दुपारी मिरवणूक निघताना बंदराच्या पायऱ्यांवर दोन्ही बँडवाल्यांत बाचाबाची झाली आणि शेजारच्या बँडच्या ढोलवाल्याचं डोकं फुटलं. त्यानं टाके घालून घेतले आणि पोलिसांत जाऊन सांगितलं, की हरेश्वरनं हातातल्या पितळी नळीनं मारलं.

हरेश्वर माझा अशील. विशीतला, दर्यावर काळवंडलेला, बोलायला लाजणारा पोरगा. मढच्या बँडमध्ये तो कॉर्नेट वाजवायचा. कॉर्नेट म्हणजे तुतारीच्या नात्यातलं, तीन बटणांचं, फुंकून वाजवायचं वाद्य. आणि गंमत बघा, पोलिसांच्याच बँडमध्ये त्याची नुकतीच निवड झाली होती. पोलिसांच्या दुसऱ्या हातानं त्याच्यावर खटला भरल्यामुळे पहिल्या हातानं नेमणूक रोखून धरली होती. सुटला तर पगार, गणवेश आणि जन्मभर कॉर्नेट. शिक्षा झाली, अगदी दिवसभर कोर्टात बसून राहायची का होईना, तर ते दार कायमचं बंद.

हवालदारानं पंचनाम्यात लिहिलं होतं: 'पितळी नळी एक, मारहाणीत ठिकठिकाणी वाकलेली.' बँडच्या सामानात सापडलेली ती नळी फडक्यात शिवून, लाखेचं सील मारून, जप्त मालाच्या खोलीत जाऊन पडली. ढोलवाल्याची साक्ष झाली तेव्हा सरकारी स्वतःच्या मुलीच्या लग्नासाठी रजेवर होते. बदली वकिलानं पुडकं शिवलेलंच त्याच्यापुढं धरलं. "हीच ती नळी," फडक्याकडे बघत ढोलवाला म्हणाला. मीही गप्प बसलो, कारण आमचा बचावच निराळा होता: हरेश्वर त्या दिवशी गावात नव्हताच, मासेमारीला गेला होता. हा बचाव हरेश्वरच्या आईनं, आनंदीबाईनं, घरून तयार करून आणला होता.

"टिकेल का हो हा?" मी विचारलं होतं.

"मी उबी हाय ना," ती म्हणाली. "मना कोन हलवतंय ते बगू."

आनंदीबाई मासळी विकायची. अंबाड्यात अबोलीचा गजरा, अंगावर ठेवणीतलं हिरवं लुगडं, अशी ती पिंजऱ्यात उभी राहिली तेव्हा कोर्ट तिचं आणि आम्ही गिऱ्हाइकं असं वाटत होतं. मॅजिस्ट्रेट नवे होते, काटेकोर. कुणी खोकलं तरी वर बघायचे. सरकारी रजेवरून परतले होते. ते उलटतपासणीला उठले.

"मावशी, हळद कोणाकडची?"

"माज्या बहिनीच्या पोराची."

"म्हणजे घरचीच. अख्खा गाव नाचत असेल."

"म्हातारी-कोतारी पन."

"आणि तुमचा मुलगा तेवढा दर्यावर."

"दर्यावर."

तर्जनी टेबलावर पडायला लागली. मी डोळे मिटून घेतले.

"मी तर ऐकलं, मढचा बँड त्या दिवशी बेसूर झाला. शेजारच्या गावचा बरा होता म्हणतात."

"कोन बोलला?"

"लोक बोलतात. पुढं वाजवणारा पोरगाच कच्चा होता म्हणे."

"त्या लोकांच्या कानांत खवलं गेली असतील!" आनंदीबाईनं पिंजऱ्याचा कठडा धरला. "माज्या हरेश्वरासारखा कॉर्नेट या किनाऱ्यावर कोन वाजवतो, दाखवा ना मना! त्या दिवशी तो फुंकाया लागला, त नवरा हलद लावून घ्यायचा सोरून वलून बगत व्हता!"

पंजा टेबलावर पडला. "समेवर आलात, मावशी."

कोर्ट हसलं. काटेकोर मॅजिस्ट्रेटही कागदात तोंड घालून हसले. हरेश्वरनं आरोपीच्या कठड्यावर कपाळ टेकलं. आपण काय बोलून बसलो हे आनंदीबाईच्या लक्षात आलं आणि तिनं पदर तोंडावर दाबला. आमचा बचाव एका आईच्या अभिमानात गळ्यापर्यंत बुडाला होता. पुढं करण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

दुसरा कुणीही सरकारी वकील असता तर इथं खाली बसला असता. आमचे सरकारी बसायला वाकले आणि अर्ध्यावरच थांबले.

"कसला कॉर्नेट, मावशी?"

"तोच की," आनंदीबाई पदराआडून म्हणाली. "तुमी फडक्यात बांदून ठेवलाय तो."

सरकारींनी कागद उलटसुलट केले. "इथं तर नळी लिहिलीय. मी समजत होतो, प्लंबरचा पाइप." मग त्यांचा आवाज एकदम बदलला. "मावशी, नीट आठवून सांगा. भांडण झालं ते मिरवणूक निघताना?"

आनंदीबाईनं माझ्याकडे पाहिलं. "वकीलसायेब, खरं बोलू?"

"बोला," मी म्हणालो. खोटं बोलून आता काही वाचण्यासारखं नव्हतं.

"निगतानाच झालं. तो मेला ढोलवाला आडवा आला."

"आणि त्यानंतर कॉर्नेट वाजला?"

"वाजला म्हंजे? दिवस बुरून पोलिस येस्तवर वाजतच व्हता."

"साहेब," सरकारी मॅजिस्ट्रेटकडे वळले, "तो मुद्देमाल उघडायची परवानगी असावी."

सील फोडलं, टाके उसवले. आतून कॉर्नेट निघाला. जागोजाग हिरवा पडलेला. सरकारींनी तो दोन्ही हातांनी उचलला, तान्ह्या मुलाला उचलतात तसा, आणि खिडकीच्या उजेडात धरून सगळ्या बाजूंनी पाहिला.

"ठिकठिकाणी वाकलेली, असं कोणी लिहिलं?"

हवालदार पुढं आला. "मी, साहेब. बघा ना किती वाकलीय. सरळ जागा आहे का कुठं?"

"मेल्या, तो जल्मापासून असोच वाकडो आसा!" सरकारी मालवणीत ओरडले. वीस-पंचवीस वर्षांच्या नोकरीत कोर्टात त्यांच्या तोंडून मालवणी निघालेली कुणी ऐकली नव्हती. स्वतःला सावरून ते पुढं म्हणाले, "साहेब, हा पातळ पत्रा आहे. टाके पडतील इतक्या जोरानं हा कुणाच्या डोक्यात बसला असता, तर याचं तोंड चेपलं असतं, नळ्या दबल्या असत्या आणि दिवस बुडेपर्यंत यातून नुसती हवा निघाली असती. चेपल्याची खूण मला दिसत नाही. वाजतो का, तेवढं बघू द्या."

"सरकारी वकील, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूनं आहात?"

"सरकारच्या, साहेब. म्हणूनच विचारतोय."

मॅजिस्ट्रेटनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून त्या खटल्यातलं माझं एकमेव उपयोगी वाक्य बोललो. "बचाव पक्षाची हरकत नाही."

"एकच मिनिट," मॅजिस्ट्रेट म्हणाले. "हे कोर्ट आहे, लग्नाचा मांडव नाही."

हरेश्वरनं कॉर्नेट हातात घेतला, बटणांवर बोटं ठेवली आणि त्याचा चेहरा उतरला. "सायेब, बटनं धरलीत." दमट खोलीत इतके दिवस पडून ती गच्च झाली होती. आता प्रसंग असा, की दर्यावर असल्याची गोष्ट आईनंच मोडलेली. कॉर्नेट मुका राहिला असता तर तो मारामारीत मोडला, हेच कागदावर आलं असतं. सरकारींनी चांगल्या हेतूनं आमचा उरलासुरला दोरही कापला असता. त्यांच्या कपाळावर घाम दिसला. पंखा चालू होता तरीही.

"गावडे, तेल!"

गावडे पळाला. फाटकाशी झाडाखाली बसणाऱ्या टायपिस्टकडून टाइपरायटरच्या तेलाची कुपी घेऊन आला. हरेश्वरनं एकेका बटणात थेंब सोडला. पहिलं सुटलं. दुसरं सुटलं. तिसरं बराच वेळ अडून बसलं, मग तेही हललं. त्यानं ओठ लावले आणि फुंकर मारली. नुसता फुस्स आवाज आला. मागच्या बाकावर ढोलवाला हसला. पुन्हा फुंकलं, एखादं करडू ओरडल्यासारखं काहीतरी बाहेर पडलं. आनंदीबाई पिंजऱ्यात डोळे घट्ट मिटून उभी होती. हरेश्वरनं कॉर्नेट उलटा करून झटकला, ओठ पुसले आणि मग वाजवला.

हळदीचं गाणं होतं ते. मला संगीतातलं कळत नाही, हे मी आधीच सांगितलंय. पण त्या कोंदट खोलीत, फायलींच्या ढिगाऱ्यांत, एकदम समुद्राकडची खिडकी कुणीतरी उघडल्यासारखं झालं, एवढं मलाही कळलं. शेजारच्या कोर्टांतले वकील दारात येऊन थांबले. कोठडीत तारखेची वाट बघत बसलेले आरोपी टाळ्या द्यायला लागले. हवालदाराचा बूट हलत होता. आनंदीबाईनं डोळे उघडले आणि सगळ्यांकडे अशी काही पाहू लागली की शिक्षा जन्मठेपेची झाली तरी ती म्हणाली असती, आधी ऐकून घ्या. सरकारींचा हात टेबलावर धावत होता. गाणं वळण घेऊन परतायला लागलं, त्यांचा पंजा वर उचलला गेला, आणि...

"पुरे!" मॅजिस्ट्रेट म्हणाले.

कॉर्नेट जागच्या जागी थांबला. सरकारींचा पंजा हवेतच राहिला.

सुटका त्याच आठवड्यात झाली. "फिर्याद शाबीत होत नाही," असं सरकारी स्वतःच्या तोंडानं म्हणाले. फौजदार चिडून बाहेर त्यांना गाठून म्हणाला, "साहेब, आमचा खटला तुम्हीच पाडलात!" सरकारी म्हणाले, "निरपराध माणसाला सरकारला तुरुंगात टाकायचं नसतं, असा माझा समज आहे. चुकीचा असेल तर लेखी कळवा." लेखी काही आलं नाही. ढोलवाल्यानं पुढं उडप्याकडे माझ्याच चहावर कबूल केलं, की ढोल घेऊन ओल्या पायरीवरून घसरलो आणि डोकं दगडावर आपटलं. "पण सुपारी गेली, डोकंपन फुटलं. कोणावर तरी टाकायला नको का, साहेब?" हेही एका परीनं कायद्याचं तत्त्वज्ञानच आहे.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी आनंदीबाई केळीच्या पानात गुंडाळलेला भलामोठा पापलेट घेऊन सरकारींच्या टेबलापाशी आली. त्यांनी हात जोडले. "मावशी, सरकारी नोकराला भेट चालत नाही." तिनं आख्ख्या कोर्टासमोर तो माझ्या हातात ठेवला. मला चालत होती.

हरेश्वर पोलिस बँडमध्ये गेला. सरकारी मात्र त्या दिवसाबद्दल समाधानी नव्हते. कधीही विषय निघाला की मान हलवायचे. "एक मात्रा राहिली होती हो. साहेबांनी समेच्या तोंडावर तोडलं. निकाल बरोबर, पण सम राहिली."

आता ते नाहीत. पेटी घेऊन वेंगुर्ल्याला गेले आणि तिथंच शांतपणे संपले. गॅलरीत फ्रीज आला तो नवीन भाडेकरूंचा. पण माझ्याकडचं त्यांचं शेवटचं चित्र निवृत्तीच्या दिवसाचं आहे.

वकिलांच्या संघटनेनं समारंभ केला. शाल, नारळ, मानपत्र. मानपत्रात त्यांना 'न्यायमंदिराचा तेजस्वी दीपस्तंभ' म्हटलं होतं. मसुदा माझाच असल्यामुळे आत काय दर्जाचा माल आहे ते मला ठाऊक होतं. अध्यक्ष बोलायला उभे राहिले आणि स्वतःच्या वकिलीच्या प्रारंभापासून सांगू लागले. सत्कारमूर्तीची तर्जनी खुर्चीच्या हातावर पडायला लागली. आम्ही सगळे श्वास रोखून बघत होतो. अध्यक्ष स्वतःच्या सुवर्णपदकापर्यंत आले तेव्हा पंजा पडलाच. मागच्या रांगेतून आम्ही दहा-बारा जणांनी एका आवाजात ते वाक्य पुरं केलं.

बाहेर आलो तर फाटकाशी मासळीचा टेम्पो उभा. त्यातून मढचा बँड उतरला. पुढं हरेश्वर, रजा काढून आलेला, आता चांगला भरलेला. हातात तोच कॉर्नेट, सोन्यासारखा घासलेला. आनंदीबाई केळीचं पान घेऊन पुढं झाली. "आता तरी सरकारी नाय ना?" सरकारींनी दोन्ही हातांनी पापलेट घेतला आणि वहिनींकडे दिला. वहिनी म्हणाल्या, "फ्रीज असता तर उद्यापर्यंत टिकला असता."

बँड वाजायला लागला आणि रस्ता अडला. रिक्षावाले खाली उतरून बघायला लागले. वाहतुकीचा हवालदार शिट्टी फुंकत आला. "परवाना कुठंय?"

"नाही," सरकारी आनंदानं म्हणाले. "बेकायदा वाजंत्री, रहदारीला अडथळा. गुन्हा पक्का आहे. नोंदवा. फक्त केस चालवायला दुसरा बघा, मी आजच रिटायर झालो."

मग हरेश्वर त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. बाकीचा बँड थांबला. त्यानं तेच हळदीचं गाणं उचललं आणि या वेळी 'पुरे' म्हणायला कुणी नव्हतं. आरोपींना न्यायला आलेली पोलिस व्हॅन फाटकाशी उभी होती. सरकारींचा हात तिच्या बॉनेटवर धावत होता. सूर वळला, परतू लागला, तोडला होता तिथं आला आणि पुढं गेला. पंजा वर उठला. आणि पडला. धप्प. कॉर्नेट आणि पंजा, दोघं एकाच क्षणी.

मग व्हॅनच्या जाळीआडून, बेड्यांसकट टाळ्या वाजवत, एक आरोपी ओरडला, "वन्स मोअर!"

सरकारींनी वळून त्या जाळीकडे पाहिलं, कोटाची बटणं लावली आणि हरेश्वरला मान हलवून खूण केली. आरोपीच्या अर्जाला त्यांनी विरोध केला नाही, असं तेवढं एकदाच घडलं.